आठ दिवसांनी येणारं उत्तर

नालवाडी, वर्धा
रविवार, ९ डिसेंबर २००७

प्रिय नलू,

आम्ही दोघं ठीक आहोत. थंडीने यांचा गुडघा कुरकुरतो, पण दुकान काही सुटत नाही. तुम्ही पाठवलेली संत्री पोचली. अर्धी शेजारी वाटली, अर्धी मीच खाल्ली. रूपरावांना सांग, या वर्षीच्या आंबिया बहाराला खरी गोडी आहे.

माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. तुला मी शेवटचं पत्र कधी लिहिलं, आठवत नाही. तुझी ख्यालीखुशाली मी रूपरावांच्या मोबाइलवर विचारते आणि तो मोबाइल त्यांच्याबरोबर बगिच्यात असतो. मी विचारते, "नलू कशी आहे?" ते म्हणतात, "मजेत हाये. बोल म्हनलं तं म्हनते, त्या डब्यात तोंड घालून काय बोलू?" संपलं आपलं बोलणं.

आता तू रुखवताचं विचारशील. हर्षाच्या लग्नाला दोन महिने राहिले. नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये नऊ वर्षं राहून मला दोन गोष्टी पक्क्या आल्या, इंग्रजी आणि टाके मोजणं. म्हणून मी ठरवलं होतं की मांडवात माझ्या हातचा एक मोठा क्रॉस स्टिचचा टेबलक्लॉथ आणि बारा नॅपकिन मांडायचे. श्रावणात सुरुवात केली. आज चार नॅपकिन झाले आहेत. टेबलक्लॉथवर दोन पोपट समोरासमोर बसवले, तर एकाची शेपटी सोळा टाक्यांची आणि दुसऱ्याची एकोणीस. उसवते आणि पुन्हा मोजते. नऊ, दहा, अकरा, की टिंग्.

हा टिंग् म्हणजे मोबाइल. हर्षाने दसऱ्याला दिला. म्हणाली, "आई, आता मी तुझ्या खिशात." साडीला खिसा नसतो, म्हणून मी तो कमरेला खोचते. पहिल्या आठवड्यात फार कौतुक वाटलं. मग यांनी दुकानातून मिस कॉलची भाषा सुरू केली. एक मिस कॉल म्हणजे निघालो, पोळ्या टाक. दोन म्हणजे उशीर आहे, डबा पाठव. तीन म्हणजे कोणीतरी जेवायला येतं आहे. परवा दोन आले की तीन, याचा मला पत्ता लागेना. सहा माणसांचा भात टाकला आणि हे एकटेच आले.

समोरच्या अन्नपूर्णाबाईंनाही मुलाने मोबाइल घेऊन दिला आहे. त्या दिवसातून वीस मेसेज पाठवतात. एक असा आला की हा अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरात अशुभ होईल. लग्न तोंडावर, विषाची परीक्षा कोण घेणार? माझ्याकडे नऊच नंबर होते. दहावा गॅसवाल्याचा धरला, अकरावा दातांच्या डॉक्टरांचा. सगळी दुपार त्यात गेली. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, "मावशी, दाढ दुखते का?"

त्यात भर म्हणून बैठकीत कॉम्प्युटर आहे. तोही हर्षानेच बसवून दिला आणि इंटरनेट जोडलं. पुण्यात ती तिच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसली की आमच्या पडद्यावर तिच्या नावापुढे एक हिरवा ठिपका लागतो. मी कापड मांडीवर घेऊन त्या ठिपक्यासमोर बसते. हे म्हणतात, "तू कशीदा काढून राह्यली का त्या ठिपक्याले राखून राह्यली?"

आज मात्र ठरवून मोबाइल गव्हाच्या कोठीत ठेवला आणि वर झाकण लावलं. तुला नीट लिहायचं आहे. एक गोष्ट सांगायची आहे, ती

कोठीत वाजतोय. थांब, पाहून येते.


मंगळवार, ११ डिसेंबर

नलू,

रविवारी वाजला तो अन्नपूर्णाबाईंचा सुविचार होता. तो वाचला, मग दुसरा आला, मग हात गव्हाने माखले म्हणून धुतले, मग चहा केला. पत्र राहिलं. काल दिवसभर मी कॉम्प्युटरसमोर होते. काय केलं म्हणशील, तर सांगता येणार नाही. हर्षाच्या मैत्रिणी एकमेकींच्या पानांवर काय काय लिहितात, ते वाचलं. कोणी लिहिलं, "काल मजा आली." कुठे, कशाची, कोणाबरोबर, ते नाही. मी पाच पानं उलटून शोधत बसले. माझ्या मुलीला कुठे मजा आली, ते अठ्ठावन्नाव्या वर्षी मी असं शोधते.

मागच्या महिन्यात मी तळेगावला आले होते, ती दुपार आठवते ना? तू पेटी उघडून हर्षाच्या रुखवताची एकेक वस्तू काढत होतीस. साखरेचं तुळशीवृंदावन. मण्यांचं तोरण. डाळी-तांदळांनी भरलेली सप्तपदीची सात पावलं. सुपाऱ्यांचे भटजी, त्यांच्या पोटावर जानवंसुद्धा. अकरा वस्तू. मी तोंडाने 'छान, छान' म्हणत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला आणि मी अंगणात धावले. परत आले तेव्हा तू हसत होतीस. "काऊन वं ताई, तुया फोन लेकरू होय का? जरासा रडला का उठून पयतं!"

मीही हसले. पण तेव्हाच मला तुझा राग आला होता. तुला वाजणारं काही नाही. तू सकाळी मणी ओवायला बसतेस आणि उन्हं कलेपर्यंत बसतेस. तुझ्याकडे एक दिवस हा आख्खा दिवस असतो. माझ्या दिवसाचे कोणीतरी तुकडे करून वाटून टाकले आहेत. लग्नाच्या मांडवात बायका म्हणतील, मावशीने एवढं केलं, आईने काय केलं? हे मी स्वतःशी किती वेळा म्हटलं, तेवढे टाके घातले असते तर नॅपकिन झाले असते.

पण खरं सांगते, वस्तूंचं मला तेवढं लागलं नाही. तुझ्या खिडकीजवळ ती वाकवलेली तार आहे ना, तिच्यात पत्रं ओवलेली होती. वरच्या पाकिटावर हर्षाचं अक्षर. मला माहीत होतं की ती तुला कधीमधी लिहिते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिने तुझ्याकडे काढल्या, तेव्हापासूनची सवय. मला वाटायचं, दिवाळीचं एखादं कार्ड असेल. तू चहा ठेवायला आत गेलीस तेव्हा मी ती मोजली. तेवीस. जाड जाड पाकिटं. काहींना जादा तिकीट लावलेलं.

माझ्याकडे तिचं काय आहे, सांगू? मोबाइलमध्ये शंभर मेसेज मावतात. त्यातले साठ तिचे आहेत. "ओके आई." "हो." "जेवले." "नंतर बोलते." "मीटिंग." जागा संपली की मी अन्नपूर्णाबाईंचे सुविचार पुसते, पण तिचा "हो" पुसत नाही.

तू म्हणशील, ताई, एवढी मोठी झालीस आणि हे काय. नलू, माझं हे आजचं नाही. बाबांनी नाचणगावच्या घरातून मला ट्रंकेसकट नागपूरला पोचवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तू तीनची. 'मोठी हुशार आहे, शिकू दे.' तू गावच्याच शाळेत गेलीस. रोज दुपारी घरी येऊन आईच्या हातचं गरम खाल्लंस. सुट्टीत मी आले की आई मला पाहुणीसारखं ताट वाढायची आणि तुझ्यावर ओरडायची. ती माझ्यावर कधी ओरडली नाही. तिने ओरडावं म्हणून मी एकदा दुधाचं भांडं मुद्दाम सांडलं, तर म्हणाली, "राहू दे बाई, लागलं नाही ना?" त्या दिवसापासून मला तुझा हेवा वाटतो. मला वाटत होतं, म्हातारी होता होता तो विझला.

त्या दिवशी तुझ्याकडे आणखी एक झालं. तू बाजारात गेली होतीस, आठवतं? घरी मी एकटीच

दार वाजतंय. उरलेलं उद्या.


बुधवार, १२ डिसेंबर

नलू,

काल दार वाजलं नव्हतं.

रविवारीसुद्धा तो सुविचार मी कोठीतच राहू देऊ शकले असते. त्या सुविचाराला दोष देऊन मी उठले. तीन आठवडे हेच चाललं आहे. तुला लिहायला बसते, त्या ओळीशी येते आणि मग मला काहीतरी वाजायला हवं असतं. वाजलं नाही तर मीच वाजवते. तेव्हा आता न उठता लिहिते.

तू बाजारात गेलीस आणि तुमचा तानबा पोस्टमन आला. म्हणाला, "नलूबाई नाई का घरी? मंग तुमीच घ्या. पुन्याचं हाये, पोरीचं. दर पंधरा दिसाले येतेच." पाकीट माझ्या हातात देऊन गेला. त्याने एवढं शेवटचं वाक्य म्हटलं नसतं तर कदाचित मी ते तुझ्या देव्हाऱ्यापाशी ठेवलं असतं. कदाचित नसतंही ठेवलं. मी ते पर्समध्ये घातलं. तू आल्यावर तुझ्या हातची ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, तू डोक्याला तेल लावून दिलंस, तेही लावून घेतलं आणि चारच्या गाडीने वर्ध्याला आले.

घरी येऊन मी ते चहाच्या वाफेवर उघडलं. फाडलं नाही, म्हणजे पुन्हा चिकटवता यावं. म्हणजे मी काय करते आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

बोर्डिंगमध्ये आमची पत्रं आमच्या हाती उघडी यायची. सिस्टर बर्नडेट आधी वाचायच्या, मग घडी घालून द्यायच्या. आई तुझ्या हाताने दोन ओळी लिहवून घ्यायची. त्याही त्यांनी आधी वाचलेल्या असायच्या. मी त्या ओळी वाचताना सिस्टर माझ्याकडे बघून हसायच्या, कारण त्यांना पुढची ओळ माहीत असायची. त्या हसण्याचा मला किती तिरस्कार होता, ते मी देवाला सोडून कोणाला सांगितलं नाही. आणि नलू, मी त्यांच्याहून वाईट केलं. त्या निदान पत्र पोचवत होत्या.

हर्षाचं पत्र सोबत ठेवलं आहे. तुझं आहे, तूच वाच. पण मी वाचलं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिने तुला विचारलं आहे की लग्नानंतर निकेशच्या घरी तिची पाठराखीण म्हणून तू जाशील का. अमरावतीचं मोठं घर, दोन चुलत्या, तीन नणंदा. ती लिहिते, "मावशी, मला भीती वाटते. ऑफिसात मी वीस जणांसमोर बोलते आणि त्या घरात पाणी मागायचं तर कोणाकडे मागू, याची भीती वाटते. हे मी निकेशलासुद्धा सांगितलेलं नाही. पहिले चार दिवस तू शेजारी असलीस तर मी निभावून नेईन."

मी तिला रोज विचारत होते. सगळं ठीक ना? खूश आहेस ना? आणि रोज उत्तर येत होतं, "हो आई, ओके."

आणखी एक आहे. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की न बघता लिहू शकते. "आईला काही लिहिलं की दोन मिनिटांत तिचं उत्तर येतं. माझं सांगून व्हायच्या आत तिचं सुरू होतं. तुझं उत्तर यायला आठ दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत मला कळतं की मला नक्की काय विचारायचं होतं. आईला हे सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

मला वाईट वाटलं नाही, नलू. मला तुझा मत्सर वाटला. त्याला दुसरा बरा शब्द मी शोधला, मिळाला नाही. पाठराखीण म्हणून आई कधीच जात नाही, ही रीत मला माहीत आहे. आईने मांडवातून निरोप द्यायचा आणि डोळे पुसत उरलेले लाडू वाटायचे. ती मला विचारू शकतच नव्हती. तरीही त्या परक्या घरात पहिल्या रात्री तिच्या शेजारच्या गादीवर तू असणार, अंधारात ती तुझ्याशी कुजबुजणार, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी नऊ टाके मोजायचे आणि ती गादी दिसायची. या सगळ्या दिवसांचा दोष मी मोबाइलवर ढकलला.

आता सगळ्यात वाईट ते. तिने पंधरा डिसेंबरपर्यंत उत्तर मागितलं आहे, कारण तिकडे कळवायचं असतं. तुझं उत्तर जाणार कसं? गेल्या शुक्रवारी तिचा मला मेसेज आला. "मावशी माझ्यावर रागावली का?"

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी लिहिलं, "माहीत नाही. कामात असेल."

मनात होतं की तुझ्याकडून उत्तर गेलं नाही, तर ती माझ्याकडे येईल. मला विचारेल, आई, मग मी काय करू? मी दिवसभर त्या हिरव्या ठिपक्यासमोर बसले. सोमवारी दुपारी तिने लिहिलं, "पाठराखीण वगैरे कोणी नको. जुनी पद्धत आहे. मी जाईन एकटी." आणि ठिपका गेला. ती माझ्याकडे आली नाही, नलू. ती कोणाकडेच गेली नाही. तुझ्याकडे जाणारी वाट मी बंद केली आणि भीतभीत एकटीनेच त्या घरात जायला माझ्या पोरीला तयार केलं.

काल यांना सांगितलं. त्यांनी हर्षाचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "पोस्टात टाकशील तं शनिवार निघून जाईल. आन इकडे, मी घेऊन जातो." उद्या दुकान बंद ठेवून सकाळच्या एसटीने ते हे पाकीट तुझ्या हातात देतील. तिचं ऑफिस सहाला सुटतं. तिचा नंबर पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तळेगावच्या स्टँडवर फोनचं बूथ आहे. तुला त्या डब्यात बोलायला आवडत नाही, मला ठाऊक आहे. एवढ्या एका वेळी बोल. तिला सांग, तू रागावली नव्हतीस. तिला सांग, पत्र मिळालं नव्हतं. का मिळालं नव्हतं, तेही सांग, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. मीही तिला आज लिहिलं आहे, पोस्टाने, चार पानं, काय केलं ते सगळं. ते पोचायला आणि तिने लिहायचं ठरवलं तर उत्तर यायला आठ दिवस लागतील. या आठ दिवसांत मी तिला काहीही विचारणार नाही. जेवलीस का, हेसुद्धा नाही. जमेल की नाही, माहीत नाही.

तू माझ्यावर चिडशील. चीड. आई माझ्यावर कधी ओरडली नाही, तिच्या वाटचं तू ओरड. यांच्यासमोर ओरडलीस तरी चालेल, हे परत येऊन मला सगळं जसंच्या तसं सांगतील.

पण पाठराखीण म्हणून तू जाच. माझ्यावरच्या रागाने नाही म्हणू नकोस. तिला सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी लागतं, आणि नवीन जागी तिचं पोट बिघडतं, ओवा बरोबर ठेव. हे तुला माझ्याहून जास्त माहीत असेल, तरी लिहिते. एवढं तरी मला लिहू दे.

आणि चार दिवसांनी तिकडून परत येशील तेव्हा आधी आमच्याकडेच उतरशील. मी तुला विचारेन, नलू. चहा ठेवायच्या आधी विचारेन. ती काय म्हणाली, रडली का, माझं नाव काढलं का. मी कितीही विचारलं, हात धरला, तरी मला सांगू नकोस. तिने तुला सांगितलेलं तुझ्याजवळच राहू दे.

'तुझी ताई' असं लिहायला घेतलं होतं. आता ते तू म्हणशील तेव्हाच.

जया